शेवटी कोण जेवलं? कादंबरीतलं जेवण रांधणारा पुस्तकगट कसा चालवावा

पुस्तकगटात खाणं असतंच. चहा येतो, कुणी ढोकळा आणतं, कुणी वाटेतल्या बेकरीतून खारी उचलतं. त्या खाण्याचा आणि पुस्तकाचा काडीचा संबंध नसतो. ज्या कादंबरीवर बोलायचं तिच्यातलं, निदान तिच्या मुलखातलं एक जेवण सगळ्यांनी मिळून रांधायचं आणि पानावर बसून बोलायचं, असा गट चालवणं फार अवघड नाही. मात्र त्याची आखणी नीट केली नाही तर तीन बैठकांत त्याची भिशी होते. म्हणून हा लेख.

मेक्सिकन लेखिका लॉरा एस्किव्हेलची 1989 सालची एक कादंबरी आहे. तिच्यात बारा महिन्यांची बारा प्रकरणं आणि प्रत्येक प्रकरणाला एक पाककृती. असं पुस्तक हाताशी असेल तर काम सोपं, समोर धरायचं आणि कढई चढवायची. आपला कादंबरीकार मात्र ‘भाकरी खाल्ली’ एवढं लिहितो आणि पुढे जातो. कसली भाकरी, कशाबरोबर, कुणी थापली, हे वाचणाऱ्याने शोधायचं. मला विचाराल तर खरी गंमत या शोधण्यातच आहे.

पुस्तक निवडताना

गट आठ ते बारा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की घरच्या स्वयंपाकघरात मावत नाही आणि केटररला सांगायचा मोह होतो. केटरर आला की गट संपला.

पुस्तक आधी ठरवायचं, पदार्थ नंतर. उलटं केलं की बासुंदीसाठी कादंबरी शोधत बसण्याची वेळ येते. निवडताना ऋतू मात्र बघा. भरताची वांगी थंडीत चांगली मिळतात, रानभाज्या पावसाळ्यात, कोकणातलं आंबा-फणसाचं वर्णन मे महिन्यात वाचलं तर पानावर आणता येतं. वर्षाच्या सुरुवातीला सहाच पुस्तकं ठरवा, दोन महिन्यांना एक. जाडजूड कादंबरी दर महिन्याला वाचून होत नाही, आणि न वाचता जेवायला येणारे वाढत जातात. श्रावणात निम्म्या गटाचा उपास निघतो, तेव्हा नियमाला मुरड घालून पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ घ्यावा. ती कादंबरी नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीला इतकी चांगली सोबत दुसरी नाही.

सगळ्यांना प्रती मिळतील का, हे आधी बघा. जुन्या कादंबऱ्या सार्वजनिक वाचनालयात एकेकच असतात. साने गुरुजींचं लेखन आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, त्यामुळे ‘श्यामची आई’ कुठेही स्वस्तात किंवा फुकट मिळते. नव्या गटाने तिथूनच सुरुवात करावी, असं माझं मत.

वाचताना: खाण्याची वही

प्रत्येकाने वाचताना एक छोटी वही जवळ ठेवायची. जिथे जिथे खाण्याचा उल्लेख येईल तिथे पान क्रमांक टाकायचा आणि पुढे चार गोष्टी लिहायच्या: काय शिजलं, कुणी शिजवलं, आधी कोण जेवलं, शेवटी कोण जेवलं. ताट पुढे आल्यावरही कुणी न खाता उठलं असेल तर तेही लिहायचं.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मराठी कादंबरीत शेवटी कोण जेवलं हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. तो रकाना रिकामा राहिला की समजायचं, लेखकाने ते गृहीत धरलंय. चर्चेतले अर्धे प्रश्न या रिकाम्या चौकोनांतून निघतात.

बैठकीच्या दहा दिवस आधी वह्या एकत्र करा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले तरी चालतात. मग पदार्थ ठरवा आणि प्रत्येक पदार्थापुढे त्याची जात लिहा. ‘पानावरचा’ म्हणजे पुस्तकात नाव घेऊन आलेला. ‘मुलखातला’ म्हणजे पुस्तकात नाही, पण त्या भागात, त्या काळात, त्या घरात शिजत असणार असा. तिसरा ‘आपल्या मनाचा’. तिसऱ्याला बंदी नाही, पण जेवताना सांगून टाकायचं की हा आम्ही घुसडलाय. नाहीतर चार वर्षांनी कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की अमुक कादंबरीत खांडवी आहे.

मुलखातला पदार्थ ठरवताना जुनी पाकपुस्तकं चाळावीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 सालचं आहे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. काळाचा अंदाज येतो. मात्र छापील पाकपुस्तक हे बहुधा बऱ्या परिस्थितीतल्या घराचं असतं, आणि कादंबरीतलं घर तसं असेलच असं नाही. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं ते 2015 साली. इतकी वर्षं त्या चुलींवरचं बाकीच्यांच्या पाकपुस्तकांत का नव्हतं, हाच एका बैठकीचा विषय होऊ शकतो.

पहिली बैठक: एक अळणी भाजी

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. 42 रात्री, 42 गोष्टी. त्यातली ‘अळणी भाजी’ बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. आई भाजीत मीठ घालायला विसरते, जेवणारे कुणी काही बोलत नाहीत, आणि शेवटी ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. वहीतला शेवटचा रकाना इथे भरतो, एवढंच नाही, तो सगळी गोष्ट उभी करतो. ती आधी जेवली असती तर गोष्टच घडली नसती.

भाजी रताळ्याच्या पाल्याची. शहरातल्या मंडईत हा पाला सहसा मिळत नाही, म्हणून अडीच-तीन महिने आधी तयारी करावी लागते. एक कोंब आलेलं रताळं पेल्यात अर्धं बुडेल असं उभं ठेवा, पाणी दर दोन दिवसांनी बदला. कोंब वीतभर झाले की मोडून पसरट कुंडीत लावा, ऊन भरपूर द्या. दीड-दोन महिन्यांत शेंडे खुडण्याजोगे होतात. एका कुंडीत आठ माणसांची भाजी होत नाही, चौघांनी घरोघरी लावून पाला आणला तर होते. परदेशातल्या मंडळींचं मात्र बरं आहे. चिनी किंवा फिलिपिनो दुकानात हा पाला जुड्यांनी मिळतो, आपल्या मंडईपेक्षा तिथे सोपा. काहीच नाही जमलं तर माठ घ्या आणि वहीत तशी नोंद करा.

आठ जणांना साधारण पाऊण किलो पाला लागतो, कारण शिजल्यावर तो मूठभर होतो. कोवळी पानं आणि देठाचा वरचा भाग घ्या. जून देठाची साल दोऱ्यासारखी निघते, ती सोलून टाका. तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरा. कढईत तीन चमचे तेल, मोहरी, हिंग, चार-पाच सुक्या मिरच्यांचे तुकडे. पाला घालून झाकण न ठेवता परता, म्हणजे रंग राहतो. सात-आठ मिनिटांत शिजतो. वर ओलं खोबरं, दोन मुठी. कांदा-लसूण मी घालणार नाही. त्या काळचं दापोलीकडचं ब्राह्मण घर आहे, रोजच्या पानात तो असण्याचा संभव कमी. टोमॅटो तर नकोच. बरोबर तांदळाचा भात आणि ताक, बस.

मीठ घालायचं नाही. रांधणाऱ्या दोघांनी काही न बोलता वाढायचं. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं असतं, तरी पहिल्या घासाला चेहरे बघण्यासारखे होतात. कुणी मुकाट खातं, कुणी हसू दाबतं, आणि कुणीतरी अगदी सवयीने हात पुढे करून मीठ मागतंच. तिथूनच चर्चा सुरू करा. वडील बोलले नाहीत हा संयम, की त्या न बोलण्याने बाईला शेवटी एकटीने अपराधी वाटायला लावलं? मतं सरळ दोन बाजूंना जातात, आणि ती वयाप्रमाणे विभागली जातात असंही नाही. दहा मिनिटांनी मीठ पानावर वाढा. गटात मुलं असतील तर ‘पत्रावळ’ ही गोष्टही घ्या. पळसाची पानं आणि चोया आणून एकेकाला स्वतःची पत्रावळ लावायला सांगा. श्यामला ते शिकायचं नव्हतं, तसं ह्यांनाही नसतं.

दुसरी: दोन ताटं

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 ची. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, मेसमध्ये जेवतो, आणि हाती फारसं काही न लागता परत जातो. हे पुस्तक एका ताटात बसत नाही. दोन ताटं करा.

पहिलं मेसचं: पातळ आमटी, पोळी, बटाट्याची रस्साभाजी, भात. हे मुद्दाम जरा उदास झालं तरी हरकत नाही. स्टीलच्या खणांच्या ताटात वाढा आणि रांगेत उभं राहून घ्यायला लावा. दुसरं खानदेशातलं: वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. यातलं भरीत आम्ही ‘मुलखातला’ म्हणूनच धरतो.

भरताचं वांगं म्हणजे जळगावकडचं मोठं, हिरवट-पांढरट, कमी बियांचं. आसोदा आणि बामणोद ही त्यासाठी नावाजलेली गावं, आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. दहा जणांना अडीच किलो वांगी लागतात, सालं-देठ जाऊन दीड किलोच्या आसपास गर उरतो. तिकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात. त्या धुराची चव गॅसवर येत नाही, हे मान्य करून पुढे जावं. गच्ची किंवा अंगण असेल तर कोळशाची शेगडी पेटवा. वांग्याला सुरीने चार टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. दर दोन-तीन मिनिटांनी फिरवत पंधरा मिनिटं. देठाजवळ बोट दाबलं तर आत जायला हवं, पोट मऊ आणि देठ टणक असेल तर अजून कच्चं आहे. भाजलेलं वांगं झाकून ठेवलं की साल सहज सुटते. सोलताना ते पाण्याखाली धरू नका, सगळी चव मोरीत जाते. चिरून आत अळी नाही ना तेही बघा.

हिरव्या मिरच्या, वांगं भाजता भाजताच भाजून घेतलेल्या, पंधरा-वीस. लसणाचे दोन गड्डे. दोन्ही मीठ घालून ठेचा. मूळ पद्धत लाकडी बडगीत वांगी ठेचायची. नसेल तर मोठं पातेलं आणि रवी चालते, मिक्सर अजिबात नाही, त्याची खीर होते. अर्धी वाटी तेलात मूठभर शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळा, त्यात बारीक चिरलेली कांद्याची पात दोन जुड्या, मग ठेचा, मग गर. पाच मिनिटं परतून कोथिंबीर. हे भरीत तिखटच असतं, ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी मिरच्या कमी करू नका, त्यांना दही द्या.

कळण्याच्या पिठाला एक किलो ज्वारी, पाव किलो सालासकट काळे उडीद आणि थोडं खडेमीठ एकत्र दळून आणायचं. गिरणीवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो गव्हावर गहू म्हणून दळून टाकेल. आणि आता खरी अडचण: वीस भाकऱ्या. थापणं, पाणी फिरवणं, पलटणं, भाजणं मिळून एका भाकरीला तीन-चार मिनिटं जातात. एका तव्यावर वीस भाकऱ्यांना सव्वा तास लागतो. म्हणून दोन तवे, थापणारे दोघं आणि भाजणारे दोघं हवेत. पीठ त्याच आठवड्यात दळलेलं असावं. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी कडेने फाटते. तसं झालंच तर उकळतं पाणी घालून, पीठ झाकून दहा मिनिटांनी मळा.

चर्चेला एक प्रश्न पुरतो: परत जाणारा पांडुरंग यातल्या कुठल्या ताटाला आपलं म्हणेल? आमच्याकडे यावर एकमत कधी होत नाही, आणि दुसऱ्या ताटावर प्रेम करणारे लोक पांडुरंगापेक्षा भरताची वकिली जास्त करतात.

हाताशी वेळ कमी असेल तर

श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ घ्या. राधेचं चहाचं दुकान त्या कादंबरीच्या मध्यावर आहे. गाव जिच्या हातचा चहा पितं आणि जिच्याबद्दल वाटेल ते बोलतं, अशी ती बाई. बैठकीला फक्त चहा आणि घावन करा. अर्धा किलो तांदळाच्या पिठात पाणी आणि मीठ, ताकाइतकं पातळ, बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापलेला. दोन तासांत सगळं आटोपतं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला माणदेशातलं हुलग्याचं माडगं करता येतं. भाजून दळलेलं हुलग्याचं पीठ 200 ग्रॅम गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, आणि दोन लिटर उकळत्या पाण्यात धार धरून ढवळत राहायचं. निम्म्यात लसूण-जिरं-मीठ, निम्म्यात गूळ. कादंबरी दुष्काळाने संपते, माणसं आणि मेंढरं वाडी सोडून जातात. शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायचं असेल तर ते माडगं पिऊन झाल्यावर वाचा, आधी नको. कुणाला घास जात नाही.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घेतली की पदार्थ काय करायचा हा प्रश्नच बदलतो. तिथे माणसं उपाशी आहेत आणि फकिरा त्यांच्यासाठी धान्य लुटतो. उपासमारीचा देखावा मांडून, फुटक्या ताटल्या वगैरे आणून, शहरी मंडळींनी खेळ करू नये असं मला ठामपणे वाटतं. त्याऐवजी एक तराजू आणि ज्वारीचं पोतं मधोमध ठेवा. राबणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो धरून सहा जणांच्या घराला आठवड्याला किती लागेल ते प्रत्येकाने आधी डोळ्यांनी सांगायचं, मग मोजून काढायचं. एकवीस किलोचा ढीग समोर आला की अंदाज किती तोकडे होते ते दिसतं. जेवण म्हणून त्या दिवशी भाकरी आणि कोरड्यास पुरे.

बैठकीच्या दिवशी

रविवार असेल तर सकाळी दहाला जमा, एकला जेवायला बसा. दहा ते अकरा निवडणं-चिरणं, यात सगळे. अकरा ते साडेबारा चूल, यात चौघंच. बाकीच्यांना तिथून हाकला. स्वयंपाकघरात आठ माणसं उभी राहिली की भाजी करपते आणि गप्पाही धड होत नाहीत. बाहेरच्यांनी वह्या काढून चर्चेचे तीन प्रश्न ठरवायचे. तीनच.

ॲलर्जी, मधुमेह, उपास, कोण काय खात नाही, हे आठवडाभर आधी विचारून घ्या. शेंगदाण्याचं विशेष विचारा, आपल्याकडे तो कशातही असतो. सामिष बैठक असेल तर भांडी आणि शेगडी वेगळी लागणार का, हे यजमानांशी एकट्याने बोला, गटावर जाहीर नको.

आता पाळ्यांचं. गट कितीही पुरोगामी असो, दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून बायका आत आणि पुरुष बाहेर कथनतंत्रावर बोलतायत असं चित्र होतं. हे आपोआप सुटत नाही. नियम करा: चिठ्ठ्या टाकून रांधणारे चौघं ठरतील, त्यात निम्मे पुरुष, आणि ज्याने मागच्या वेळी सगळ्यात जास्त बोलून घेतलं तो या वेळी भांडी घासेल. भाकरी येत नाही ही सबब चालत नाही, पलटता तर येते. वाढताना रांधणाऱ्यांची पानं पहिल्या पंगतीत मांडा. तीन-चारच भाकऱ्या उरतात तेव्हा तव्यापाशी कुणीतरी बदली उभं राहील, हे आधीच नेमून ठेवा, नाहीतर ‘तुम्ही बसा, मी आलेच’ सुरू होतं आणि आपण ज्या रकान्यावर तासभर बोलणार असतो तो आपल्याच घरात भरला जातो.

चर्चा जेवतानाच सुरू करा. जेवण झाल्यावर लोक सुस्तावतात, एखाद्याचा डोळाही लागतो. पहिला घास घेतल्यावर वहीतला एकच उतारा वाचा, अर्ध्या पानापेक्षा मोठा नको, आणि वाचणाऱ्याचं ताट झाकून ठेवा. लेखकाच्या चरित्रावर बोलणाऱ्याला पाच मिनिटं द्या. पदार्थ बरा झाला की वाईट, यालाही पाचच. तिखट कमी-जास्त यावर अर्धा तास गेलेला मी पाहिलाय.

खर्च डोई सारखा वाटा, यजमानावर टाकू नका. शाकाहारी जेवणात सगळ्यात मोठा आकडा वांग्या-भाज्यांचा नसतो, तो खोबरं, शेंगदाणे आणि तेलाचा असतो, म्हणून पावत्या ठेवा. उरलेलं ज्याने भांडी घासली त्याने आधी न्यावं. आणि उठण्यापूर्वी पुढचं पुस्तक कुणाकडून कधी मिळणार आणि दळण कोण टाकणार ही दोन नावं वहीत लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर ठरवू म्हटलं की ते ठरत नाही.